भाजी तोंडी लावण्यापुरती नको, वाटीभर हवी

  आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवू आणि ताटाबद्दल बोलू. विषय रोजचाच आहे. घरच्या जेवणात भाजी जास्त कशी यावी, ती सगळ्यांनी आवडीनं कशी खावी, आणि जी बाई ती रांधते तिच्या वाटेला त्यातली किती येते.

पाव किलो भाजी आणि पाच माणसं

बाजारातून पाव किलो वांगी आणली, त्यात दोन बटाटे टाकले, तिखट रस्सा केला, की पाच माणसांची भाजी झाली असं आपण धरतो. आता गटाच्या बाईसारखा हिशेब करून बघा. अडीचशे ग्रॅमचे पाच भाग केले तर माणशी पन्नास ग्रॅम वांगी येतात. देठ काढल्यावर त्याहूनही कमी. म्हणजे दोन फोडी. बाकी पोट भरतं ते भातानं आणि रश्श्यानं.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतीय माणसानं काय आणि किती खावं याच्या सूचना ती काढते. २०२४ मध्ये तिनं या सूचना नव्यानं काढल्या. साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. पालेभाज्या या ४०० ग्रॅममध्येच आल्या. धान्य सांगितलं आहे २५० ग्रॅम आणि डाळी ८५ ग्रॅम. हे सगळं कच्चं वजन आहे. म्हणजे तांदूळ आणि पीठ मिळून जेवढं, त्यापेक्षा भाजी वजनानं जास्त पाहिजे. आपल्या ताटात नेमकं उलट असतं. जागतिक आरोग्य संघटनाही फळं-भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. बटाटा पोट भरतो, पण कामाच्या दृष्टीनं तो भाताच्या बाजूला बसतो.

आकडा ऐकून घाबरू नका. उद्यापासून एकदम दीड-दोन किलो भाजी आणा असं मी म्हणत नाही. दोन्ही वेळच्या जेवणात मिळून दोन मोठ्या वाट्या शिजलेली भाजी आणि सोबत थोडा कच्चा मुळा, काकडी, गाजर, भेदर, एवढं पोटात गेलं की आपण त्या आकड्याच्या बरेच जवळ जातो. सुरुवात तर त्याहूनही सोपी आहे. आज खाता त्यापेक्षा एक वाटी जास्त.

शेवटी जेवणारीच्या वाटीत काय उरतं?

गटाच्या बैठकीत मी कधी कधी विचारते, काल रात्री तुम्ही स्वतः काय जेवलात? बऱ्याचदा उत्तर येतं, "भाजी संपली होती ताई, भात आणि वरणाचं पाणी खाल्लं." नाहीतर, "मिरचीचा ठेचा होता की." मामंजींना वाढलं, मालकांना वाढलं, पोरांना वाढलं, सासूबाईंना वाढलं. मग कढई पुसून जे निघालं ते आपलं. ही कुणाची तक्रार नाही, आपल्याला त्याची सवयच झाली आहे. पण या सवयीची किंमत शरीर मोजतं.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे पाचव्या पाहणीत, आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायचा तर तो वाढला. दहा बायांच्या गटात पाच-सहा जणींचं रक्त कमी, असा त्याचा अर्थ. धान कापताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते, आणि आपण म्हणतो, "वय झालं."

भाजीनं एकटीनं हे सगळं बरं होत नाही, हेही सांगते. रक्त फार कमी असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे. म्हणून आशाताईला विचारून रक्त तपासून घ्या, आणि सिकलसेल असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. पण रोज रक्त बनायला लागणारं सामान, म्हणजे लोह, फोलिक ॲसिड, क जीवनसत्त्व, यातलं बरंच पालेभाज्या आणि ताज्या भाज्यांमधून येतं. ते रोज थोडं थोडं यावं लागतं, आपल्या बचतीच्या हप्त्यासारखं.

म्हणून पहिली गोष्ट स्वयंपाकाची नाही, वाढण्याची आहे. भाजी शिजली की वाढायला सुरुवात करण्याआधी आपली एक वाटी भरून झाकून ठेवा. घरात गरोदर किंवा बाळंतीण सून असेल तर तिचीही. जमेल त्या घरात सगळ्यांनी एकत्र बसा आणि भांडी मधे ठेवा. किती भाजी आहे हे सगळ्यांना दिसलं की घेणाराही जपून घेतो. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं. ते तिथंच बसून जेवावं. डब्यात घरी आणलं की त्याचे चार वाटे होतात आणि ज्या बाईसाठी ते असतं तिला एक घास उरतो.

वेगळी भाजी नको, आहे त्यातच भाजी

"ताई, दोन-दोन भाज्या करायला वेळ कुठे आहे?" हे खरं आहे. सकाळी शेतावर, कामावर जायचं असतं. म्हणून आणखी एक भाजी करा असं न म्हणता मी म्हणते, जे रोज करता त्यातच भाजी घाला.

वरण रोज होतं. त्यात कोहळ्याच्या फोडी, दोडके, मुनग्याच्या शेंगा किंवा मूठभर पाला टाका. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत डाळ-भाजी असते, ती सगळ्यांना आवडते. घरीही ती सोपी आहे. पाच माणसांसाठी एक वाटी तुरीची डाळ घ्या. मूठभर चण्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे आधी भिजवून ठेवा. दोन मोठ्या जुड्या पालक किंवा चवळाई धुऊन, चिरून डाळीतच शिजवा. शिजल्यावर घोटा आणि वरून लसूण, जिरं, लाल मिरचीची फोडणी द्या. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा. भातावर ही डाळ-भाजी घेतली की वरण आणि भाजी दोन्ही झालं, एकाच गंजात.

अंबाडी आणि कण्यांचं जुनं नातं आहे. अंबाडी उकळून तिचं आंबट पाणी आपण फेकून देतो. सगळं फेकू नका. त्यातलं थोडं वरणात घाला, चिंच टाकायची गरज राहत नाही. अंबाडीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या घालून घट्ट शिजवा आणि वर लसणाची फोडणी द्या. त्या एका भाजीत धान्य, डाळ आणि पाला तिन्ही आले.

बेसनाचं आळण करता तेव्हा त्यात मुनग्याचा पाला किंवा कांद्याची पात घाला. झुणक्यात बेसन कमी आणि पात जास्त घ्या. भाकरीच्या, पोळीच्या पिठात बारीक चिरलेली मेथी मळा. धिरड्याच्या पिठात कोहळं किसून टाका, लेकरांना कळतही नाही. भेदरं चुलीच्या निखाऱ्यावर भाजून, साल काढून, लसूण, हिरवी मिरची आणि सांबारासोबत ठेचली की चटणी तयार. अशी चटणी नुसती बोटावर घेऊन चाटत नाही, वाटीभर खाल्ली जाते. त्यातही भाजीच पोटात गेली.

घरात सुके झिंगे किंवा सुकट आणलं असेल तर त्यात वांगी, वालाच्या शेंगा, मुळा जास्त घाला. झिंग्यांची चव सगळ्या भाजीला लागते आणि थोड्याशा झिंग्यांत मोठी कढई होते. ज्यांना नुसती भाजी गळ्याखाली उतरत नाही, ते मालकही मग दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात.

पाला कोण खाते?

लेकरं नाक मुरडतात, मोठेही म्हणतात, "आम्ही काय बकऱ्या आहोत?" यात त्यांचाच दोष नाही. पालेभाजी खूप वेळ शिजवून काळी पडली, पाणचट झाली, तर ती कुणालाच आवडणार नाही. भाजी आवडायची असेल तर तिची चव राखावी लागते. त्यासाठी या काही साध्या गोष्टी.

आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतलं की पाण्यात विरघळणारं सत्त्व पाण्याबरोबर जातं. आपल्या भागात कोळशाची आणि राखेची धूळ पानांवर बसते, म्हणून पाला मोठ्या भांड्यात पाणी घेऊन तीन वेळा बुडवून काढा. खाली गाळ बसायचा थांबेपर्यंत पाणी बदला. रस्त्याच्या अगदी कडेचा पाला खुडू नका.

पालेभाजी मोठ्या आचेवर, थोड्या तेलात, थोडाच वेळ परता. तिचं स्वतःचं पाणी सुटतं, वरून पाणी घालायला नको. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा टाकू नका, त्यानं जीवनसत्त्व जातं. तेल मात्र अगदीच टाळू नका. पाल्यातलं आणि कोहळ्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल लागतं. एक-दोन चमचे पुरे. तर्री वर तरंगायची गरज नाही.

लोखंडी कढई असेल तर ती वापरा, विशेषतः आंबट भाजीला. थोडं लोह भाजीत उतरतं. मात्र शिजल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

पाल्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं की जास्त घेतं. म्हणून जेवताना लिंबू पिळा, कच्चं भेदर चिरून घ्या, आवळा किंवा पेरू खा. लिंबू शिजवू नका, खाली उतरवल्यावर पिळा. आणि चहा जेवणाला चिकटून पिऊ नका. चहानं लोह शरीरात जायला अडतं. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा बंद. एवढं एक केलं तरी खाल्लेल्या भाजीचा जास्त उपयोग होतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

कच्चंही ताटात असू द्या. हिवाळ्यात हरभऱ्याच्या किंवा मेथीच्या कोवळ्या पाल्याचा घोळाना करा. स्वच्छ धुतलेला पाला, कांदा, भेदर, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, मीठ आणि थोडं कच्चं तेल. करकरीत लागतो, लेकरं हातानं खातात.

सांदवाडीतून ताटात

उन्हाळ्यात भाजी महाग होते आणि मग आपण बटाटा, सोयाबीन वडी आणि बेसनावर दिवस काढतो. त्यासाठी घरामागची सांदवाडी कामाला लावा. उमेद अभियानातून पोषण परसबागेबद्दल गटांना सांगितलं जातं, बऱ्याच जणींनी ती केलीही आहे. जागा मोठी नको. एक मुनग्याचं झाड, एक कढीपत्ता, एक लिंबू, एक पपई, एवढी कायमची झाडं कोपऱ्यात. मांडवावर दोडके, वाल किंवा कोहळ्याचा वेल. खाली दोन-तीन वाफे पाल्याचे. सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं एकेका वाफ्यात टाका, म्हणजे एकदम ढीग होत नाही आणि मधे खंडही पडत नाही. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वाफ्यांना द्या. साबणाचं पाणी पाल्यावर टाकू नका.

मुनग्याबद्दल एक शब्द जास्त सांगते. शेंगा आपण खातो, पाला मात्र वाळून खाली पडतो. तो कोवळा पाला लोह, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वानं भरलेला असतो आणि फुकट असतो. थोडा कडवट लागतो, म्हणून मुगाच्या डाळीत किंवा बेसनात घालून करा.

हिवाळ्यात भाजी स्वस्त असते तेव्हा हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा. वांग्याच्या फोडी, गवारीच्या शेंगा वाळवा. हे आपल्या आज्या करत होत्या. वाळवताना क जीवनसत्त्व जातं, पण पाल्यातलं लोह आणि भाजीची चव उन्हाळ्यापर्यंत टिकते.

रानभाजी, जपून

पावसाळ्यात आपल्या जंगलात काय नसतं? तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते, सात्या. या भाज्यांचं ज्ञान पुस्तकांच्या आधी बायांजवळ होतं. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग यांनी तिथल्या बायांकडून ऐकलेली झाडाझुडपांची माहिती 'गोईण' या पुस्तकात मांडली आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. आता शासनाच्या कृषी विभागाकडून ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव होतात, शहरातली माणसं या भाज्या शोधत येतात. भाव मिळतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण एक होतं. काटवल, सात्या सगळ्या बाजारात जातात आणि त्याच पैशांतून आपण घरी बटाटे आणतो. विकायला टोपलं भरण्याआधी घरच्या एका भाजीपुरतं बाजूला काढा.

रानभाजी घेताना ओळख पक्की हवी. सात्या फक्त त्याच, ज्या जाणत्या बाईला नक्की ठाऊक आहेत. शंका आली तर टाकून द्या, चाखून बघू नका. वास्ते पातळ कापून, उकळून, ते पाणी फेकूनच शिजवा. कच्च्या वास्त्यांत विषारी अंश असतो. तरोट्याची फक्त कोवळी पानं घ्या. धोप्याची पानं आंबट घालून चांगली शिजवा, नाहीतर घशाला खाज सुटते.

आणि मैत्रिणींनो, वाघ. आपल्यासाठी ही कागदावरची गोष्ट नाही. मोहफुलं, तेंदूपानं, सरपण, सात्या गोळा करताना आपल्या जिल्ह्यांत बायांचे जीव गेले आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या दुर्गापूर-ऊर्जानगरात तर वस्तीजवळच माणसं गेली. वाकून भाजी खुडणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसू शकते. एकटीनं जाऊ नका, पहाटे आणि सांजवेळी जाऊ नका, आपसात मोठ्यानं बोलत राहा, झुडपात खोल शिरू नका, वन विभागानं मनाई केली असेल तिथं पाऊल टाकू नका. काटवलाचे कंद आणून सांदवाडीत लावता येतात, तरोटा घराजवळच्या पडीक जागेत उगवतो. जे घराजवळ मिळेल त्यासाठी जंगलात जाण्याचं कारण नाही.

भाजीची वही

शेवटी एक काम देते. आपल्याला बचतीची वही लिहायची सवय आहेच. येता एक आठवडा भाजीची वही लिहा. रोज दोनच गोष्टी. घरात किती भाजी शिजली, आणि मी स्वतः किती वाट्या खाल्ली. काटा नसेल तर किराणा दुकानात एकदा पाव किलो पाला मोजून त्याच्या ओंजळी किती होतात ते बघून ठेवा, पुढे ओंजळीनं मोजा. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशानं रेघ ओढा.

आठवडा संपला की गटाच्या बैठकीत सगळ्या जणींनी आपापल्या रेघा सांगा. जिच्या कमी आहेत तिला कुणी हसू नका. तिच्या घरी सांदवाडी नसेल तर ज्यांच्याकडे बी आहे त्यांनी मूठभर द्या, मुनग्याची एक फांदी द्या. गटानं मिळून सोमवारच्या बाजारातून ठोक भाजी आणून वाटून घेतली तर तीही स्वस्त पडते.

घरच्यांना काही समजावत बसू नका. चांगली फोडणी द्या, वाटी भरून वाढा, आणि आपली वाटी आधी काढून ठेवा. पुढच्या बैठकीत कुणाच्या घरी कोणती भाजी रमली ते मला जरूर सांगा. तोवर रजा घेते. नमस्कार.